थरारपट लघुपट करताना: आधी माहितीचा तक्ता, मग कॅमेरा

नव्या मंडळींचे थरारपट लघुपट पाहिले की तक्रार बहुतेक एकच असते. अंधार भरपूर, पार्श्वसंगीत छातीवर बसलेलं, नायिका सारखी मागे वळून बघतेय, आणि तिला नेमकी कसली भीती वाटतेय हेच आपल्याला कळत नाही. शेवटच्या मिनिटात उलगडा होतो, तोही संवादातून. तोवर बघणाऱ्याने दोनदा फोन चाळलेला असतो. यात कॅमेऱ्याचा किंवा बजेटचा फारसा दोष नसतो. क्रम चुकलेला असतो. आधी शेवटचा धक्का सुचतो, मग ‘मूड’, मग संगीत. आणि प्रेक्षकाला काय कधी सांगायचं हा प्रश्न थेट एडिटला बसल्यावर पहिल्यांदा निघतो.

हा लेख दहा-बारा मिनिटांच्या लघुपटासाठी आहे: एक फ्लॅट, एक जिना, दोन मुख्य पात्रं, साधा कॅमेरा किंवा बरा फोन. उदाहरण म्हणून एकच गोष्ट शेवटपर्यंत धरतो.

वैदेही आणि जोगळेकर काका एकाच मजल्यावर राहतात. काका सोसायटीचे खजिनदार. ते लग्नाला कोल्हापूरला गेलेत आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली वैदेहीकडे देऊन गेलेत. सोसायटीच्या ठेवींचा हिशेब लागत नाहीये. वैदेही पाणी घालायला जाते आणि काकांचं कपाट उघडते. काका त्याच रात्री परत येतात.

एवढंच. आता कामाला लागू.

## टप्पा १: माहितीचा तक्ता

पटकथेचं एक पानही लिहिण्याआधी कागदावर चार रकाने आखा: काय घडतं, वैदेहीला काय माहीत, काकांना काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. प्रत्येक घटनेपुढे तिन्ही रकाने भरा. आमच्या गोष्टीचा तक्ता असा होतो:

१. वैदेही दार उघडून आत जाते, किल्ली बाहेर लॅचलाच लटकत राहते. प्रेक्षकाला माहीत. वैदेहीला नाही, काकांना नाही.

२. काका फाटकापाशी रिक्षातून उतरतात. प्रेक्षकाला माहीत. वैदेहीला नाही.

३. वैदेहीला कपाटात मुदतीआधीच मोडलेल्या ठेवींची कागदपत्रं सापडतात. तिला आणि प्रेक्षकाला माहीत. तिला सापडलीत हे काकांना माहीत नाही.

४. काका किल्ली बघतात, काढून खिशात टाकतात आणि बाहेरून कडी लावतात. त्यांना आणि प्रेक्षकाला माहीत. वैदेहीला नाही.

५. काका दाराबाहेर उभे राहून तिला फोन करतात. रिंग आतून ऐकू येते. ते बाहेर उभे आहेत हे वैदेही सोडून सगळ्यांना माहीत.

६. बोलता बोलता वैदेही कागदांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. हे फक्त वैदेहीला माहीत.

सहापैकी चार ओळींत प्रेक्षक वैदेहीच्या पुढे आहे. फक्त शेवटच्या ओळीत तो तिच्या मागे राहतो. थरारपटाचं गणित साधारण असंच असावं: लपवायचं ते एकदाच, आणि तेही शेवटाजवळ. बाकी वेळ प्रेक्षकाच्या हातात पात्रापेक्षा जास्त माहिती द्या आणि त्याला खुर्चीत चुळबुळ करू द्या.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सर्वांना ठाऊक असतं: माणसं टेबलापाशी गप्पा मारतायत आणि खाली बॉम्ब आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आधी दाखवला तर त्याच फुटकळ गप्पा प्रेक्षक पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. गंमत अशी, की हे उदाहरण तोंडपाठ असलेले लोकही लिहायला बसले की पहिल्यांदा बॉम्बच लपवतात.

रहस्यकथा आणि थरारपट यांची गल्लतही इथेच होते. ‘कोणी केलं?’ हा रहस्यकथेचा प्रश्न. ‘आता हिचं काय होणार?’ हा थरारपटाचा. दहा मिनिटांत दोन्ही पेलत नाहीत, एक निवडा. आमच्या गोष्टीत काका दोषी आहेत हे चौथ्या मिनिटाला कळतं आणि त्याने काहीही बिघडत नाही.

तपासा: तक्ता अशा माणसाला द्या ज्याला गोष्ट माहीत नाही. प्रत्येक ओळीनंतर विचारा, ‘आता तुला कशाची धास्ती वाटतेय?’ उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. ‘काहीतरी वाईट होणार असं वाटतंय’ हे उत्तर आलं तर ती ओळ पुन्हा लिहा.

## टप्पा २: मुदत आणि पणाला लागलेली गोष्ट

आता दोन वाक्यं लिहून भिंतीवर चिकटवा. कधीपर्यंत? आणि नाही जमलं तर काय जाईल?

मुदत म्हणजे टिकटिक करणारं घड्याळच हवं असं नाही. जिना चढणारा माणूस, उतरत जाणारी फोनची बॅटरी, उतू जायला आलेलं दूध, यातलं काहीही चालतं. आमच्याकडे मुदत म्हणजे लिफ्ट. जुनी, जाळीच्या दाराची, प्रत्येक मजल्यावर खडखडणारी. प्रेक्षकाला तिचा आवाज दुसऱ्या मिनिटालाच ओळखीचा करून ठेवायचा, मग पुढे ती नुसती ऐकू आली तरी पुरतं.

पणाला लागलेली गोष्ट शोधताना लोक थेट खुनावर जातात. त्याची गरज नसते. वैदेही सापडली तर तिला सगळी सोसायटी चोर म्हणेल, आणि काका सुटतील. मध्यमवर्गीय घरात ही भीती सुऱ्यापेक्षा खरी वाटते. शिवाय ती आरडाओरडा का करत नाही, याचं उत्तरही याच भीतीतून आपोआप मिळतं.

सावधान: ‘मग तिने फोन का नाही केला?’ हा प्रश्न प्रेक्षक हमखास विचारतो. ‘रेंज नाही’ आणि ‘बॅटरी संपली’ या दोन पळवाटा इतक्या वापरून झाल्यात की त्या दिसल्या की लोक हसतात. फोन काढून घेऊ नका, फोनलाच संकट करा. आमच्या गोष्टीत वैदेही फोनमुळेच पकडली जाते आणि फोनमुळेच सुटते.

## टप्पा ३: पेरणी, शेवटाकडून सुरुवातीकडे

शेवट आधी पक्का करा. मग उलटं चालत या आणि शेवटाला लागणारी प्रत्येक वस्तू, आवाज, सवय आधी कुठे दिसणार ते ठरवा.

आमचा शेवट असा: काका दार उघडून आत येतात, अगदी शांत आवाजात कागद मागतात. तेवढ्यात वरच्या मजल्यावर एक फोन वाजतो. मग खालच्या. मग समोरच्या दारामागे. फोटो ग्रुपवर पोचलेत. एकेक दार उघडायला लागतं.

हे चालायचं असेल तर सुरुवातीला तीन गोष्टी पेराव्या लागतात. एक, या इमारतीत भिंती पातळ आहेत आणि शेजारचा फोन ऐकू येतो. दोन, सोसायटीचा ग्रुप सगळ्यांच्या फोनवर आवाजासकट चालू आहे. तीन, वैदेहीला न बघता टाइप करता येतं. पहिल्या दोन गोष्टी एका विनोदात उरकतात: सकाळी कुणीतरी सुप्रभातचं फूल पाठवतं, अख्ख्या जिन्यात एकामागोमाग टिंग टिंग वाजत जातं, आणि वैदेही वैतागून डोळे मिटते. प्रेक्षक हसतो आणि विसरतो. तिसरी गोष्ट तिच्या आईशी बोलताना: भाजी निवडतेय, आईकडे बघून मान डोलावतेय, आणि अंगठा फोनवर चालू आहे.

चांगल्या पेरणीची खूण हीच. जिथे पेरता तिथे त्या गोष्टीला स्वतःचं काहीतरी काम असलं पाहिजे: हसवणं, माणूस दाखवणं, भांडण लावणं. नुसता सुरीचा क्लोजअप ठेवला आणि पुढे गेलात, की प्रेक्षक मनात नोंद करतो, ‘ही शेवटी लागणार.’

चकवा, म्हणजे प्रेक्षकाला भलत्या दिशेने नेणारा धागा, एका लघुपटात एकच ठेवा. आमचा चकवा वॉचमन आहे. तो जिन्यात वावरतो, दाराला लटकणारी किल्ली त्याला दिसेल असं वाटतं, तो थांबतो, आणि बिडी पेटवायला वळतो. चकव्याचा खुलासाही साधा आणि पटण्यासारखा असावा. तो फसवणूक वाटला तर प्रेक्षक पुढच्या खऱ्या धोक्यावरही विश्वास ठेवत नाही.

संवादाबद्दल एकच सांगतो: धमकी धमकीच्या भाषेत लिहू नका. काकांचं फोनवरचं वाक्य आहे, ‘वैदेही, तुळशीला पाणी घातलंस का गं?’ वैदेही म्हणते, ‘हो काका, मगाशीच घातलं. घरी आले मी.’ बाहेर उभ्या असलेल्या माणसाने दाराला कान लावलेला आहे. यापुढे ‘मी तुला सोडणार नाही’ वगैरे म्हणवलंत तर हाती आलेलं सगळं घालवाल.

तपासा: पटकथेतून पेरणीची प्रत्येक जागा खोडून वाचा. प्रसंग तरीही उभा राहतोय का? राहत असेल तर पेरणी नीट लपली आहे.

## टप्पा ४: जागा पाहणं

लोकेशन पटकथेनंतर नाही, पटकथा पक्की करायच्या आधी पाहा. दार आत उघडतं की बाहेर, बाहेरून कडी आहे की नाही, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर दार किती पावलांवर आहे, कपाटासमोर उभं राहिल्यावर दार दिसतं की पाठीमागे येतं, या गोष्टींवर प्रसंग बेतलेला आहे. आहे त्या जागेप्रमाणे पटकथा बदला. उलटं करायला सेट लावावा लागतो आणि ते पैसे कुणाकडे नसतात.

जागेचा नकाशा हाताने काढा. खोल्या, दारं, खिडक्या, दिव्यांची बटणं, प्लगची ठिकाणं. त्यावर दोन रंगांनी दोन पात्रांच्या वाटा काढा. त्या कुठे एकमेकींना छेदतात तिथे तुमचे मोठे प्रसंग आहेत.

मग खोलीच्या मध्यभागी दोन मिनिटं गप्प उभे राहा. फ्रीजची घरघर, शेजारचा टीव्ही, पंप, समोरच्या रस्त्यावरचे हॉर्न. ज्या वेळेला शूटिंग आहे त्याच वेळेला हे करा. दुपारी शांत वाटलेली इमारत संध्याकाळी सातला क्लासवरून परतणाऱ्या पोरांनी दणाणून जाते.

परवानग्यांत टाळाटाळ नको. सोसायटीच्या कमिटीकडून लेखी पत्र घ्या, त्यात तारीख, वेळ, माणसं किती आणि वीज कुठून घेणार हे लिहा. सार्वजनिक जागा असेल तर संबंधित खात्याची परवानगी. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची वेगळी लागते. कुत्रा-मांजर पात्र म्हणून वापरणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, ती आयत्या वेळी मिळत नाही.

सावधान: खोटं पिस्तूल किंवा सुरा उघड्यावर वापरणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. गॅलरीतून बघणाऱ्याला कॅमेरा दिसत नाही, शस्त्र दिसतं. शॉट संपला की शस्त्र एकाच ठरलेल्या माणसाकडे परत गेलं पाहिजे. सुरा बोथट असला तरी अंगावर येण्याची हालचाल आधी संथ गतीने मोजून घ्या.

## टप्पा ५: शॉटची यादी

इथे सर्वांत जास्त घाई होते. ‘सेटवर बघू’ म्हणणाऱ्यांच्या हाती शेवटी अख्खा प्रसंग रुंद फ्रेममध्ये टिपणारा एक लांबलचक मास्टर शॉट आणि चार क्लोजअप लागतात, आणि किल्लीचा शॉट राहून जातो.

थरारपटाचा पाया तीन शॉटचा आहे: पात्र बघतं, त्याला काय दिसतं, ते बघून चेहऱ्यावर काय होतं. वैदेही दाराकडे बघते. दाराखालच्या फटीत दोन पायांची सावली. वैदेहीचा श्वास थांबतो. यातला मधला शॉट तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि तिच्या जागेवरून घेतला पाहिजे. तो थोडा जरी दुसरीकडून घेतलात, तर ते तिचं बघणं राहत नाही, नुसती माहिती होते.

याच्या उलट, जे पात्राला माहीत नाही आणि प्रेक्षकाला सांगायचं आहे, ते पात्राच्या नजरेला अजिबात न जोडता दाखवा. किल्ली आमच्याकडे तीनदा दिसते. पहिल्यांदा वैदेही हातात पाण्याची बादली घेऊन आत शिरते तेव्हा, रुंद फ्रेममध्ये, लाल गोंड्यामुळे डोळ्याला जेमतेम लागेल अशी. दुसऱ्यांदा रिकाम्या पॅसेजमध्ये, वॉचमन जवळून जाताना, मध्यम आकारात. तिसऱ्यांदा काकांच्या नजरेतून, फ्रेमभर. तिन्ही वेळा क्लोजअप घेतला असता तर तिसऱ्या वेळेला मोठं करायला काही उरलं नसतं.

दिशा ठरवून घ्या. काका पडद्यावर नेहमी डावीकडून उजवीकडे चालतात, वैदेहीची हालचाल उजवीकडून डावीकडे. दोघं वेगवेगळ्या जागी असले तरी एकमेकांच्या दिशेने येतायत असं वाटतं. रिक्षातून उतरणं, लिफ्टकडे जाणं, पॅसेज, सगळीकडे हे पाळा. दोन पात्रं समोरासमोर असताना त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, हा १८० अंशांचा नियम इथे मोडू नका. ‘अस्वस्थता यावी म्हणून मोडला’ असं म्हणणाऱ्यांच्या फिल्ममध्ये प्रेक्षक अस्वस्थ होत नाही, दार कुठे होतं ते शोधत बसतो. आणि दार कुठे आहे हे न कळलेल्या प्रेक्षकाला दारामागच्या माणसाची भीती वाटणार नाही. म्हणून प्रत्येक खोलीचा एक स्वच्छ रुंद शॉट आधी, संकट यायच्या आधी, द्या.

हातातला कॅमेरा जपून वापरा. सुरुवातीपासून सगळंच हलत असेल तर संकट आल्यावर कॅमेऱ्याला काय करायला लावणार? आमच्याकडे फोन वाजेपर्यंत कॅमेरा ट्रायपॉडवरच आहे.

फ्रेममध्ये पात्राच्या पाठीमागे जागा सोडणं हा जुना उपाय आहे आणि अजून चालतो. वैदेही कपाटात वाकलेली, मागे उघडं दार आणि रिकामा पॅसेज. तिथून कुणी यायलाच हवं असं नाही. एकदा प्रेक्षकाने तिथे बघायला सुरुवात केली की तुमचं काम झालं. तिरका कॅमेरा मात्र एखाद्याच ठिकाणी, कारण असेल तर.

तपासा: माहितीच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ घ्या आणि ती सांगणारा शॉट यादीत आहे का बघा. त्या शॉटपुढे चांदणी करा. वेळ कमी पडला तर चांदणी नसलेले शॉट कापायचे, चांदणीचे नाही.

## टप्पा ६: उजेड

अंधार दाखवायचा म्हणजे कमी उजेडात शूट करायचं, हा गैरसमज आधी काढा. कमी उजेडात फोन आणि छोटे कॅमेरे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवतात आणि काळ्या भागात मुंग्या, म्हणजे हलणारे बारीक ठिपके, येतात. रात्र दाखवायला एक ठळक उजेड आणि त्याच्या शेजारी अंधार लागतो. बाथरूमचा दिवा, उघडा फ्रीज, देवघरातली समई, पॅसेजमधली ट्यूब. फ्रेममध्ये दिसणारा दिवा खरा वाटेल आणि त्याच दिशेने लपवलेला एलईडी काम करेल.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवा. २४ फ्रेमच हव्या असतील तरी शटर १/५०. नाहीतर काही ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात लपलप दिसते आणि ती एडिटमध्ये सहज निघत नाही. फोनवर एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही लॉक करा.

दिवसा रात्र करायची असेल तर घराच्या आत करा: खिडक्यांना बाहेरून काळं कापड, आत आपले दिवे. रात्री दहानंतर जिन्यात गडबड करण्यापेक्षा हे सोसायटीलाही मानवतं. उघड्यावर करायचं असेल तर सावलीत, आभाळ फ्रेमबाहेर ठेवून, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे चित्र निळसर दिसेल, आणि एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). आभाळ दिसलं की सोंग उघडं पडतं.

## टप्पा ७: शूटिंगचा दिवस

गोष्टीच्या क्रमाने शूट करणं परवडत नाही, म्हणून ताणाचा एक तक्ता नटांच्या हातात द्या. प्रत्येक प्रसंगापुढे १ ते १० आकडा: वैदेही इथे किती घाबरली आहे? पाणी घालताना १, कपाट उघडताना ३, कागद सापडल्यावर ५, दार बाहेरून बंद आहे हे कळल्यावर ९. हा कागद नसेल तर नट प्रत्येक टेकला ८ वर जातो, आणि एडिटमध्ये सगळी फिल्म एकाच पट्टीत किंचाळते.

फोनवरच्या संभाषणाला दोन्ही नट खरोखर बोलले पाहिजेत. काकांचं काम करणारे गृहस्थ जिन्यात उभे राहून फोनवरून वाक्यं बोलतील, असिस्टंट कागदावरून वाचून दाखवणार नाही. वैदेहीच्या चेहऱ्यातला फरक लगेच दिसेल.

कन्टिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्या शॉटशी जुळाव्यात म्हणून, प्रत्येक शॉटनंतर फोटो काढा. थरारपटात यातही तीन गोष्टी प्रेक्षक पकडतोच: भिंतीवरचं घड्याळ, फोनच्या पडद्यावरची वेळ आणि घाम. घड्याळातला सेल काढून टाका आणि काटे हाताने लावा.

दिवस संपायच्या आत दोन गोष्टी राहू देऊ नका. एक, हातांचे, किल्लीचे, कडीचे, फोनच्या पडद्याचे इन्सर्ट, म्हणजे जवळून घेतलेले छोटे शॉट. ‘नंतर घरी घेऊ’ म्हटलेल्या इन्सर्टमध्ये हात वेगळा, नखं वेगळी, उजेड वेगळा येतो. दोन, प्रत्येक खोलीचा नुसता शांततेचा एक मिनिटाचा आवाज, पंखा-फ्रीज बंद करून, सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून. लोक कंटाळतात, तरी घ्याच. पुढच्या टप्प्यात त्याच्याशिवाय शांतता बनवता येत नाही. फ्रीज बंद केलात तर त्यात गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहणार नाही.

सावधान: फोनवर शूट करून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असाल तर फोन पूर्णपणे स्थिर फ्रेम-रेट ठेवत नाही हे लक्षात घ्या. लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज सरकतात. टेक छोटे ठेवा, प्रत्येक टेकला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा म्हणजे चित्र आणि आवाज जुळवता येतील, आणि एडिटआधी फुटेज स्थिर फ्रेम-रेटमध्ये बदलून घ्या.

## टप्पा ८: एडिट, संगीताशिवाय

पहिला कट संगीत न लावता करा. यावर वाद घालणारे बरेच भेटतात. ‘तात्पुरतं’ संगीत लावलं की कटला लय येते म्हणतात. लय येते खरी, पण ती उसनी असते. संगीताशिवाय प्रसंग लोंबकळत असेल तर तो शॉटमध्येच लोंबकळतोय, आणि ते आत्ता कळलेलं बरं.

लिफ्टचा प्रसंग घ्या. काका लिफ्टने वर येतायत, वैदेही कागद परत लावतेय. खऱ्या आयुष्यात लिफ्टला तिसऱ्या मजल्यापर्यंत वीस सेकंद लागतील. पडद्यावर तुम्ही ते एक मिनिट ताणू शकता, अट एकच: प्रत्येक कटला काहीतरी नवीन कळलं पाहिजे. लिफ्ट सुरू झाली. कागदांचा क्रम चुकला. पहिला मजला. एक पावती कपाटाखाली गेली. दुसरा मजला, लिफ्ट थांबली, कुणी नाही, पुन्हा सुरू. पावती सापडली. ‘लिफ्ट, चेहरा, लिफ्ट, चेहरा’ एवढंच करत राहिलात तर वीस सेकंदही जास्त होतात.

शॉट छोटे करत नेणं हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय आहे. त्याचं दुसरं अंग विसरलं जातं: सर्वांत ताणाच्या क्षणाला कट थांबवा. काका किल्ली बघतात तिथून ते कडी लावतात तिथपर्यंत आमच्याकडे एकच शॉट आहे, पाठीमागून, चेहरा न दाखवता. त्यांच्या मनात काय चाललंय ते प्रेक्षक स्वतः भरतो आणि आपण लिहिलं असतं त्यापेक्षा वाईट भरतो.

आणि ताण मधून मधून सैल करा. सलग दहा मिनिटं कुणीही घाबरू शकत नाही. वॉचमनची बिडी तेवढ्यासाठीच आहे.

तपासा: कट तीन जणांना दाखवा, तुमच्या ग्रुपबाहेरच्या. फिल्म चालू असताना फिल्मकडे नाही, त्यांच्याकडे बघा. फोनकडे हात गेला ती वेळ लिहून ठेवा. संपल्यावर ‘आवडली का?’ विचारू नका. ‘किल्ली बाहेर राहिली हे तुला कधी कळलं?’ विचारा. उत्तरं एकमेकांपासून फार लांब असतील तर पहिला किल्लीचा शॉट थोडा लांबवा.

## टप्पा ९: आवाज, आणि सर्वांत शेवटी संगीत

आवाजाचा क्रम असा ठेवा: संवाद, खोलीची शांतता, वस्तूंचे आवाज, बाहेरचं जग, आणि मग उरलेल्या जागेत संगीत.

वस्तूंचे आवाज पुन्हा वेगळे रेकॉर्ड करा. कडी, लॅच, कागदाची सळसळ, चपलांची पावलं. माइक जवळ ठेवून कुठल्याही शांत खोलीत होतात. कडीचा आवाज आमच्या फिल्ममधला सर्वांत महत्त्वाचा आवाज आहे: वैदेहीला तो अर्धवट ऐकू येतो आणि तिला वाटतं शेजारचं दार वाजलं. तो फार मोठा केला तर ती बहिरी वाटेल, फार लहान केला तर प्रेक्षकाकडून निसटेल. त्या एका आवाजावर वेळ घालवा.

लिफ्टचं दार उघडं राहिलं की काही लिफ्टमधली बाई हिंदीत दार बंद करायची विनंती करत राहते. हा आवाज ऐकलेला नाही असा माणूस शहरात सापडणार नाही. पॅसेजमधून तो एकसारखा येत राहिला की कळतं, कुणीतरी वर आलंय आणि दार बंद न करता बाहेर पडलंय. असा आवाज सापडला की संगीताची दहा वाद्यं वाचतात. त्याची नक्कल करून स्वतः रेकॉर्ड करा. ग्रुपवरचं टिंग आणि वैदेहीची रिंगटोनही स्वतः बनवलेली ठेवा. तयार अ‍ॅपचा आवाज किंवा सिनेमातलं गाणं रिंगटोन म्हणून आलं की हक्कांचं झंझट मागे लागतं.

काका फोन करायच्या आधी सगळे थर काढून घ्या. फ्रीज बंद, रस्ता बंद, फक्त खोलीची ती एक मिनिटाची शांतता. मग रिंग. दचकवण्यासाठी वाजवायचा मोठा ठोका इथे नको. रिंग पुरेशी मोठी आहे, कारण आधी काही नव्हतं.

संगीत लावाल तिथे एक पडताळणी करा. ते वाजायला लागण्याआधी प्रेक्षकाला धोका माहीत आहे का? असेल तर संगीत बहुधा नको. नसेल तर संगीत धोक्याची चुगली करतंय, तरीही नको. उरतात त्या जागा: दोन प्रसंगांमधलं स्थलांतर, वेळ पुढे सरकणं, आणि शेवट. दहा मिनिटांत दोन-तीन जागा निघाल्या तरी खूप झाल्या.

सावधान: छाती दडपणारी खालच्या पट्टीची घरघर लॅपटॉपच्या बऱ्या हेडफोनवर जबरदस्त वाटते, पण बहुतेक लोक तुमची फिल्म फोनच्या स्पीकरवर बघणार आहेत आणि त्यावर तेवढ्या खालचे सूर जवळपास ऐकूच येत नाहीत. ताण त्या घरघरीवर उभा केला असेल तर त्यांच्यासाठी प्रसंग रिकामाच जातो. म्हणून अंतिम मिश्रण तीन ठिकाणी ऐका: हेडफोन, टीव्ही आणि टेबलावर उलटा ठेवलेला स्वस्त फोन. कडीचा आवाज तिन्हीकडे ऐकू आला पाहिजे. चित्रही असंच तपासा: दुपारी खिडकीजवळ बसून, फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून. दाराखालच्या फटीतली सावली तिथे दिसत नसेल तर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग-उजेड ठीक करताना, काळा भाग थोडा उजळ करा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा.